हाताचा काटा

एकतीस वर्षं टूसॉनच्या विमानतळावर
मी लोकांच्या बॅगा उचलल्या.
कमरेचे दोन मणके तिथंच राहिले,
हाताला मात्र काटा बसला तो बसलाच.
इथल्या निवडुंगालाही इतका नेमका नसेल.
उचललं की कळतं. पौंड, अर्धा पौंड.
इलेन बाजारात कलिंगड अजून माझ्याच हातात देते.

आता पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत,
मी पिकलबॉलच्या कोर्टावर असतो.
पॅडल आठ औंसांचं.
चेंडू एक औंसाचाही नाही,
आणि त्यातही निम्मी भोकंच.
एवढ्याशा खेळाला माणसं येतात
ती महिनाभर घरी परतणार नसल्यासारखी.

सहा वाजून दहाला गवतावरचे फवारे
भलत्याच बाजूला उडतात
(पालिकेला चार पत्रं गेलीत),
तेव्हा सगळ्यांच्या बॅगा बाकावरून उचलून
छपराखाली नेणं
हे काम आपसूक माझ्याकडे आलं.

लोरेटा झिमरची: बावीस पौंड.
चार पॅडल. एक वाऱ्याचं, एक बिनवाऱ्याचं,
एक जावयानं दिलंय म्हणून,
आणि एक, ज्यानं ती खेळते.
ग्रिपच्या पट्ट्या, पॅडल पुसायचं रबर,
सव्वीस भोकांचे चेंडू, चाळीस भोकांचे चेंडू,
तळाशी कोपराचा पट्टा, खोक्यासकट,
अजून कोपर दुखलेलं नाही.

अनास्तासियो युरिबेची येताना सतरा, जाताना आठ.
मधला बर्फ आपण सगळे पितो.

ग्विन पार्डी शाळेत नर्स होती.
कोर्टावर कुणी पडलं
की लोक आधी तिच्या बॅगेकडे बघतात,
मग पडलेल्याकडे.

माझी नऊ. त्यात एक केळं,
रोज येतं, रोज परत जातं.

आणि मर्ल डॉब्रिनची,
इथली सगळ्यात मोठी, काळी, दोन पट्ट्यांची,
बुटांना वेगळा कप्पा,
पॅडल तापू नये म्हणून आतून चंदेरी अस्तर.
नेटलगतच्या पट्टीला इथं किचन म्हणतात.
तिच्या उंबरठ्याशी उभा राहून मर्ल
असा हलका चेंडू सोडायचा
की समोरचा हात वर करायचंच विसरे.
फेब्रुवारीत खांदा गेला.
तेव्हापासून बाकावर. "पुढच्या आठवड्यात," म्हणतो.
बॅग मात्र रोज येते.

मंगळवारी फवारे सुटले.
मी तिच्यासाठी नीट गुडघे वाकवले, दम घेतला,
आणि बॅग उडून माझ्या हनुवटीला लागता लागता राहिली.

चार पौंड. म्हणजे नुसती बॅग.
आत चुरगळलेलं वर्तमानपत्र सरकलं,
पोट भरलेलं दिसावं इतकंच.

विमानतळावर अशा यायच्या कधी कधी.
कुणी काही आणायला निघालेलं असे,
कुणी निघालोय एवढंच दाखवायला.
आम्ही विचारत नसू.
पट्ट्यावर ठेवायचो, सरळ, चाकं खाली.

मर्ल माझ्याकडे बघत होता.
मी बॅग पुन्हा टेकवली,
तळहात पँटला पुसले,
मग दोन्ही हातांनी, जुन्या पद्धतीनं,
कण्हत उचलली.
"काय भरलंयस यात? विटा?"

"सगळंच लागतं रे," तो म्हणाला,
आणि टोपी उगाच नीट केली.

तेवढ्यात तीन नंबरवरून लोरेटा ओरडली,
"मर्ल, चेंडू फुटला! तुझ्याकडे असेलच!"
त्याचा हात चेनवर गेला, तिथंच थांबला.
माझ्या बॅगेतला कधी मी फेकला
मलाच कळलं नाही.
बरोबर तिच्या पायाशी पडला.

रात्री इलेननं विचारलं, पाठ का धरलीयस?
म्हटलं, मर्लची बॅग उचलली आज.
"म्हातारपणी कशाला हवं इतकं ओझं," ती म्हणाली,
आणि कुणाला म्हणाली ते न सांगता
मलम आणायला गेली.